नामाची सोयरीक

इंग्रजी नामानंतर कोणते प्रीपोझिशन यावे, हा मराठी माणसाच्या इंग्रजीतला सर्वांत चिवट प्रश्न आहे. क्रियापदांचे काळ सरावाने बसतात. ‘द’ आणि ‘अ’ यांचा घोळ वाचनाने निम्मा होतो. पण ‘प्रश्नावर उपाय’ इंग्रजीत लिहायची वेळ आली की लेखणी ‘सोल्यूशन ऑन द प्रॉब्लेम’ लिहून मोकळी होते आणि लिहिणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. इंग्रजी माणूस तिथे ‘सोल्यूशन टू’ म्हणतो. हे ‘ऑन’ इंग्रजीतून आलेले नाही. ते मराठीतल्या ‘वर’चे भाषांतर आहे. ‘लग्नाचे निमंत्रण’ असेच ‘इन्व्हिटेशन ऑफ मॅरेज’ होते, ‘रजेचा अर्ज’ हा ‘ॲप्लिकेशन ऑफ लीव्ह’ होतो आणि ‘पिकांचे नुकसान’ हे ‘डॅमेज ऑफ क्रॉप्स’ होते. चुका वेगवेगळ्या दिसल्या तरी कूळ एकच: मराठी नामाला लागलेल्या प्रत्ययाचे भाषांतर झाले, इंग्रजी नामाला मात्र कोणी विचारलेच नाही.

परभणी जिल्ह्यात हा प्रश्न जास्त टोचतो, कारण इथे इंग्रजी कानावर कमी पडते आणि कागदावर जास्त येते. पीकविम्याचा दावा, बँकेचा अर्ज, स्पर्धा परीक्षेची प्रश्नपत्रिका, कृषी विद्यापीठातला प्रबंध, असा सगळा लेखी व्यवहार. जिथे भाषा ऐकून येते तिथे ‘सोल्यूशन टू’ हे एका दमात, एकच शब्द असल्यासारखे कानात बसते. जिथे ती कागदावरून येते तिथे प्रत्येक शब्द सुटा भेटतो आणि दोन शब्दांमधली फट वाचणाऱ्याला स्वतः बुजवावी लागते. ती बुजवायला हाताशी असते ती शाळेत पाठ केलेली विभक्तीची सारणी.

ही सारणी मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला येते. द्वितीयेचे स, ला, ते. तृतीयेचे ने, ए, शी. पंचमीचे ऊन, हून. षष्ठीचे चा, ची, चे. सप्तमीचे त, ई, आ. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये छापले गेले, मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये आले. पण शाळकरी पोराच्या तोंडी राहिली ती ही सारणीच. इंग्रजी शिकवताना तिच्या शेजारी आणखी एक रकाना उभा राहिला. तृतीया म्हणजे ‘बाय’ किंवा ‘विथ’, चतुर्थी म्हणजे ‘टू’ किंवा ‘फॉर’, पंचमी म्हणजे ‘फ्रॉम’, षष्ठी म्हणजे ‘ऑफ’, सप्तमी म्हणजे ‘इन’. तर्खडकर भाषांतर पाठमालेने महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांना इंग्रजी वाक्य उभे करायला शिकवले. तो उपकार मोठा आहे. पण मराठी वाक्य समोर ठेवायचे आणि त्याला इंग्रजी अंगरखा चढवायचा, ही सवयही त्याच वाटेने लागली. क्रियापदाच्या बाबतीत तिने फारसे बिघडत नाही, नामाच्या बाबतीत बिघडते.

परभणीचा इतिहास इथे थोडा निराळा पडतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये हैदराबादेत निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. इंग्रजी हा त्यात एक सक्तीचा विषय होता. म्हणजे घरी मराठी, दप्तरात उर्दू आणि परीक्षेत इंग्रजी. उर्दूने मराठीची खोड मोडली नाही, कारण तिचीही घडण तीच आहे. ‘मसले का हल’ म्हणताना उर्दूला ‘का’ लागतो, ‘किसी से शादी’ म्हणताना ‘से’. फारसीतून आलेली इजाफत तेवढी इंग्रजी ‘ऑफ’सारखी चालते, आधी मुख्य नाम आणि मग त्याचा संबंधी, पण ती मुख्यतः लेखी भाषेपुरती. बोलताना नाम शेवटी आणि प्रत्यय मधे, हाच क्रम पक्का राहिला.

हा क्रमच मुळाशी आहे. ज्या भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते त्यांत संबंध दाखवणारा शब्द बहुधा नामाच्या मागून येतो आणि ज्यांत क्रियापद कर्माच्या आधी येते त्यांत तो नामाच्या आधी उभा राहतो. जोसेफ ग्रीनबर्ग या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये जगातल्या अनेक भाषा तपासून ही जोडी दाखवून दिली. मराठीत ‘दुष्काळाचा पिकांवर परिणाम’ असे म्हणताना दुष्काळ आणि पिके आपापले प्रत्यय अंगाखांद्यावर घेऊन येतात आणि ‘परिणाम’ शेवटी मोकळा येतो. इंग्रजीत ‘इफेक्ट’ आधी येतो आणि ‘ऑफ’ व ‘ऑन’ असे दोन हात पुढे करून बाकीच्यांना धरतो. त्यामुळे मराठी माणसाला प्रत्यय हा दुष्काळाचा वाटतो आणि इंग्रजी माणसाला प्रीपोझिशन हे इफेक्टचे वाटते. शाळेत मराठीतल्या ‘वर’ला आणि इंग्रजी प्रीपोझिशनला ‘शब्दयोगी अव्यय’ या एकाच नावाखाली बसवतात, आणि हा फरक तिथेच झाकला जातो.

मराठीत नामाला नाम जोडायचे झाले की सगळा भार ‘चा’वर पडतो. परभणीच्या बसस्थानकावर ‘गंगाखेडची गाडी लागली का?’ असे विचारले तर ती गाडी गंगाखेडला जाणारी; आणि ‘गंगाखेडची गाडी आत्ताच आली’ म्हटले तर ती गंगाखेडहून आलेली. प्रत्यय तोच, दिशा उलटी. संदर्भ आहे म्हणून कोणी चुकीच्या गाडीत बसत नाही. ‘आईचे प्रेम’ म्हणजे आईने केलेले की आईवर असलेले, हेही ‘चे’ सांगत नाही. ‘त्याला माझा राग आला’ या वाक्यात राग त्याचा आहे, तरी ‘चा’ मला लागला आहे. बोलभाषा थोडी मोकळी आहे. परभणीकडचा माणूस ‘माझ्यापशी’, ‘माझ्यासंगं’, ‘गावाकडं’ असे बारकावे सहज करतो. पण हे शब्द नामाला चिकटवायचे झाले की पुन्हा ‘चा’ घालावाच लागतो: गावाकडचा रस्ता, टेबलावरचे पुस्तक, शेतातली विहीर. इंग्रजीत ‘बुक ऑन द टेबल’ एवढ्याने भागते. मराठीला ‘वर’नंतरही ‘चे’ लागते. एवढ्या ठिकाणी फिरणारा प्रत्यय एकट्या ‘ऑफ’च्या गळ्यात बांधला की गाडी चुकणारच.

हे सर्वांत स्वच्छ दिसते ते कायद्यांच्या नावांत. २००५ चा केंद्रीय कायदा मराठीत ‘माहितीचा अधिकार’ आणि इंग्रजीत ‘राइट टू इन्फर्मेशन’. २००९ चा ‘शिक्षणाचा हक्क’ इंग्रजीत ‘राइट टू एज्युकेशन’. ‘चा’चे इंग्रजी इथे ‘टू’ झाले आहे. इंग्रजीत ‘राइट’ या नामाला दोन बाजू आहेत, हक्क कोणाचा आणि हक्क कशावर. ज्याचा हक्क, त्याला ‘ऑफ’. ज्यावर हक्क, त्याला ‘टू’. मराठीत ‘शेतकऱ्यांचा हक्क’ आणि ‘पाण्याचा हक्क’ सारखेच दिसतात, कारण शेतकरी हक्क बजावतो आणि पाणी बजावत नाही हे जगाच्या माहितीतूनच कळते. इंग्रजी ते माहितीवर सोडत नाही, शब्दातच नोंदवते. तालुक्याच्या कचेरीत माहिती अधिकाराचे अर्ज करणारे हजारो लोक ‘आरटीआय’ म्हणतात आणि त्या मधल्या ‘टी’त हे सगळे व्याकरण दडले आहे, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

भाषांतर नेहमीच फसते असेही नाही, आणि ते कुठे फसत नाही हे पाहिल्याशिवाय कुठे फसते ते कळत नाही. मोंढ्यात सोयाबीनच्या भावात घसरण झाली आणि ती शंभर रुपयांची घसरण होती, या वाक्यात ‘त’ आणि ‘ची’ असे दोन प्रत्यय आहेत. इंग्रजीतही दोनच आहेत: भावासाठी ‘फॉल इन’, रुपयांसाठी ‘फॉल ऑफ’. ज्यात बदल झाला तिथे ‘इन’, जेवढ्याने झाला तिथे ‘ऑफ’. वाढ, घट, चढ, उतार, सुधारणा, फरक, सगळ्यांना हे जसेच्या तसे लागू पडते. ‘क्रिकेटमध्ये रस’ हे ‘इंटरेस्ट इन क्रिकेट’ आहे, ‘पेट्रोलवरचा कर’ हा ‘टॅक्स ऑन पेट्रोल’ आहे. येलदरी धरणातून पूर्णा नदीत पाण्याचा विसर्ग झाला याचेही इंग्रजी शब्दाला शब्द होते: पाण्याचा म्हणून ‘ऑफ’, धरणातून म्हणून ‘फ्रॉम’, नदीत म्हणून ‘इन्टू’. पाणी खरोखर एका जागेहून दुसऱ्या जागी जात आहे, आणि ती हालचाल मराठीला आणि इंग्रजीला सारखीच दिसते. जिथे हालचाल डोळ्यांना दिसते तिथे विभक्तीची सारणी बऱ्यापैकी साथ देते. उपाय, कारण, हक्क, मागणी, नुकसान, प्रतिकार अशी न दिसणारी नामे आली की ती हात टेकते.

अशा नामांचे प्रीपोझिशन ठरते कशावरून? बरेच वेळा नामाच्या मागे उभ्या असलेल्या क्रियापदावरून. ‘ॲप्लिकेशन’ हा शब्द घ्यावा. रजेच्या अर्जाला ‘ॲप्लिकेशन फॉर लीव्ह’ म्हणतात, आणि ‘ॲप्लिकेशन ऑफ’ चूक असे शिक्षक सांगतात. पण त्याच परभणीत, विद्यापीठाच्या शेतावर, खत देण्याला ‘ॲप्लिकेशन ऑफ फर्टिलायझर’ म्हणतात आणि ते बिनचूक असते. अर्ज करणारा ‘अप्लाय फॉर’ म्हणतो, म्हणून नामातही ‘फॉर’ उतरतो. खत देणारा ‘अप्लाय’च्या पुढे थेट खत ठेवतो, मधे काही नसते, असे थेट कर्म नामापाशी आले की त्याला ‘ऑफ’ मिळतो. हाच न्याय ‘प्रॉडक्शन ऑफ कॉटन’, ‘कन्स्ट्रक्शन ऑफ अ डॅम’, ‘लॉस ऑफ क्रॉप्स’ यांना लागतो. ‘डिपेंड ऑन’वरून ‘डिपेंडन्स ऑन’, ‘बिलीव्ह इन’वरून ‘बिलीफ इन’ हेही याच वाटेचे. इतपत नियम शाळेत सांगितला तर अर्धे काम होते, आणि तो क्वचितच सांगितला जातो.

पण उरलेले अर्धे खरे अवघड आहे. ‘डॅमेज’ हेही क्रियापद थेट कर्म घेते. तरी नाम झाल्यावर ‘डॅमेज टू क्रॉप्स’. ‘डिमांड’चे कर्म थेट, पण नामाला ‘फॉर’. ‘आन्सर’ थेट, नामाला ‘टू’. ‘अटॅक’ आणि ‘इन्फ्लुअन्स’ थेट, नामांना ‘ऑन’. ‘व्हिजिट’ थेट, नामाला ‘टू’. पीकविम्याच्या एकाच अर्जात ‘लॉस ऑफ क्रॉप्स’ आणि ‘डॅमेज टू क्रॉप्स’ असे दोन्ही लिहावे लागते, तेव्हा शिकणाऱ्याला वाटते की इंग्रजांनी मुद्दाम खोडी काढली आहे. थोडे निरखले तर दोन गोष्टी दिसतात. एक बाह्यरूपाची: शेपटी लावून घडवलेली नामे, म्हणजे ‘-शन’, ‘-मेंट’वाली, बहुतेक ‘ऑफ’ घेतात, क्रियापद जसेच्या तसे नाम म्हणून वापरले, जसे डॅमेज, अटॅक, डिमांड, आन्सर, बॅन, टॅक्स, तर ‘ऑफ’ बहुधा मागे पडतो. ‘यूज ऑफ’ आणि ‘स्टडी ऑफ’ यांसारखे ठळक अपवाद आहेत, तेव्हा ही खूण म्हणून वापरावी, नियम म्हणून नव्हे. दुसरी गोष्ट अर्थाची. ‘लॉस’मध्ये पीक हातचे जाते, त्या क्रियेत ते विरघळून जाते. ‘डॅमेज’मध्ये पीक उभेच असते आणि पाऊस किंवा कीड बाहेरून येऊन त्याच्यावर पडते. ज्या नामात काहीतरी बाहेरून येऊन थडकते तिथे इंग्रजीला ‘टू’ किंवा ‘ऑन’ जवळचे वाटतात: थ्रेट टू, हार्म टू, इफेक्ट ऑन. ‘डिमांड’मध्ये वस्तू हाती आलेली नसून तिच्याकडे हात पसरलेला असतो, म्हणून ‘फॉर’. मागणी, गरज, इच्छा, शोध, विनंती या पसरलेल्या हाताच्या नामांना इंग्रजी बहुतेक ‘फॉर’च देते. पाण्याचा पुरवठा मात्र ‘सप्लाय ऑफ वॉटर’, कारण ते पाणी खरोखर दिले जाते.

यापुढे तर्क चालत नाही, इतिहास चालतो. जुन्या इंग्रजीत ‘ऑफ’चा अर्थ ‘पासून’, ‘दूर’ असा होता. आजचे दुसरे ‘ऑफ’, दिवा बंद करताना वापरतात ते, त्याच शब्दाचे वेगळे पडलेले भावंड आहे. इंग्रजीतले जुने विभक्तिप्रत्यय झडत गेले आणि १०६६ नंतर नॉर्मन फ्रेंच दरबारात बसली, तेव्हा फ्रेंच ‘द’च्या वळणावर ‘ऑफ’ने षष्ठीचा सगळा पसारा अंगावर घेतला. लॅटिनमधून आलेल्या ‘रेझिस्ट’ आणि ‘ओबे’ यांच्या मूळ क्रियापदांना तिथे चतुर्थी लागत असे. त्यांची नामे आजही ‘रेझिस्टन्स टू’, ‘ओबीडियन्स टू’ अशीच चालतात. प्रत्यय कधीच गेला, त्याची जागा ‘टू’ने सांभाळली.

संस्कृत शिकलेल्याला यात नवल वाटायचे कारण नाही. ‘श्रीगणेशाय नमः’ म्हणताना गणेशाला चतुर्थी का? गणेशाला काही दिले जात आहे म्हणून नव्हे. ‘नमः’ हा शब्द चतुर्थी मागतो म्हणून. पाणिनीने कारकावरून, म्हणजे क्रियेशी असलेल्या नात्यावरून, ठरणारी विभक्ती आणि जवळच्या विशिष्ट शब्दामुळे येणारी विभक्ती यांत फरक केला. पुढच्या वैयाकरणांनी दुसरीला उपपदविभक्ती म्हटले. ‘सह’ आला की तृतीया. कारकाच्या बाजूलाही शब्द डोकावतोच: भयाच्या हेतूला पंचमी, चोरापासून भय. मराठीने तीच भीती षष्ठीत नेली, चोराची भीती, आणि इंग्रजी ‘फिअर ऑफ’ म्हणते. त्या ‘ऑफ’चा मूळ अर्थ ‘पासून’ होता हे आठवले की मौज वाटते. ‘अलम्’ हा तर आणखी पुढचा दाखला: तृतीयेबरोबर तो ‘पुरे’ म्हणतो आणि चतुर्थीबरोबर ‘समर्थ’. एक शब्द, दोन विभक्ती, दोन अर्थ. इंग्रजीत ‘कॉज ऑफ’ म्हणजे जे घडवते ते कारण आणि ‘कॉज फॉर’ म्हणजे ज्यासाठी आधार आहे ते कारण. दुष्काळाचे कारण ‘ऑफ’ने सांगायचे; चिंता करायला कारण आहे की नाही ते ‘फॉर’ने. दहावीचा विद्यार्थी संस्कृतच्या तासाला उपपदविभक्तीची यादी तक्रार न करता पाठ करतो, कारण तिथे त्याला नियमच असा सांगितलेला असतो की विभक्ती शब्द ठरवतो. शेजारच्या इंग्रजीच्या तासाला त्यालाच सांगतात की अर्थावरून प्रीपोझिशन ओळख. त्याच्या हाती मराठी अर्थ असतो, आणि तो ‘सोल्यूशन ऑन’ लिहितो. दोष त्याच्या बुद्धीचा नाही, शिकवणुकीच्या चौकटीचा आहे.

मराठी तरी याला कुठे अपवाद आहे? विश्वास ‘वर’ असतो, भीती ‘ची’ असते, लग्न ‘शी’ होते, आदर ‘विषयी’ किंवा ‘बद्दल’ असतो, कंटाळा पुन्हा ‘चा’. ‘देवाशी विश्वास’ किंवा ‘अभ्यासावर कंटाळा’ असे जिंतूरचे पोरही म्हणणार नाही, आणि त्याला कोणी नियम शिकवलेला नसतो. विश्वास आणि ‘वर’ यांची सोयरीक त्याने घरात ऐकली आहे. इंग्रजी नामांच्याही अशाच सोयरिकी आहेत. त्या जुळल्या तेव्हा मराठीला विचारले नव्हते.

परभणीत या गोष्टीची कसोटी रोज लागते ती कृषी विद्यापीठात. १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ इथे सुरू झाले. आज ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. संशोधन शेतकऱ्यासाठी, शेतकरी मराठी, पण प्रबंध इंग्रजीत. कृषी प्रबंधांची शीर्षके पाहिली तर ती बहुतेक नामांच्या साखळ्या असतात, क्रियापद औषधालाही नसते. त्यामुळे सगळा अर्थ प्रीपोझिशनवर तोलला जातो. ‘इफेक्ट ऑफ’ अमुक ‘ऑन’ तमुक. ‘रिस्पॉन्स ऑफ’ सोयाबीन ‘टू’ स्फुरद. दोन्ही शीर्षके एकाच प्रयोगाची असू शकतात, पण पहिल्यात ‘ऑफ’ खताला लागतो आणि दुसऱ्यात पिकाला. ‘इफेक्ट’ खताच्या बाजूने पाहतो, ‘रिस्पॉन्स’ पिकाच्या. मराठीत ‘खताचा परिणाम’ आणि ‘पिकाचा प्रतिसाद’ असे म्हटले की हे आपोआप जुळते. अडचण दुसऱ्या हाताची. ‘पिकावर परिणाम’मधला ‘वर’ ‘ऑन’ झाला, छान झाले. ‘खताला प्रतिसाद’मधला ‘ला’ ‘टू’ झाला, तेही छान. मग विद्यार्थ्याचा सारणीवर विश्वास बसतो आणि पुढच्याच पानावर तो ‘रेमेडी ऑन’ लिहून बसतो, कारण मराठीत उपाय रोगा‘वर’ असतो. तिथे ‘फॉर’ हवे.

या विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ ही भेंडी देशभर गेली. पिवळ्या शिरांचा विषाणुजन्य रोग भेंडीचा मळा बसवतो. भेंडीच्या एका रानटी नातेवाइकाशी संकर करून रोगाला दाद न देणारे हे वाण इथे तयार झाले. त्याचे वर्णन इंग्रजीत करताना ‘रेझिस्टन्स टू’ लिहावे लागते. ‘ऑफ’ लिहिले तर ‘विषाणूचा प्रतिकार’ उलटा वाचला जाऊ शकतो: भेंडीने विषाणूला केलेला, की विषाणूने औषधाला केलेला? ‘रेझिस्टन्स ऑफ द व्हरायटी टू द व्हायरस’ असे दोन्ही हात भरले की शंका उरत नाही.

अर्थ उलटा करणारे खरे फसवे नाम म्हणजे ‘सब्स्टिट्यूशन’. गव्हाऐवजी ज्वारी द्यायची असेल तर ‘सब्स्टिट्यूशन ऑफ’च्या पुढे ज्वारी येते आणि ‘फॉर’च्या पुढे गहू. ‘रिप्लेसमेंट’ घेतले की क्रम फिरतो: ‘ऑफ’च्या पुढे गहू, ‘बाय’ किंवा ‘विथ’च्या पुढे ज्वारी. चुकीचे प्रीपोझिशन लागले तर आहाराच्या प्रयोगात कोणत्या गटाला काय खाऊ घातले हेच उलटे वाचले जाईल. आणि ‘सोल्यूशन’, ज्यापासून सुरुवात झाली, तेही प्रयोगशाळेत वेगळे वागते: तिथे ‘सोल्यूशन ऑफ युरिया’ म्हणजे युरियाचे द्रावण. समीकरण सोडवण्याच्या क्रियेलाही ‘सोल्यूशन ऑफ’ चालते. ‘टू’ येतो तो सोल्यूशन म्हणजे उत्तर असे असते तेव्हा. तिथे ते ‘आन्सर’ आणि ‘की’ यांच्या पंगतीत बसते, आणि ती सगळी पंगत ‘टू’ घेते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. भारतात कोट्यवधी लोक इंग्रजी वापरतात, त्यांची स्वतःची वळणे तयार झाली आहेत, मग ‘सोल्यूशन ऑन’ हेही भारतीय इंग्रजी म्हणून का चालू नये? अर्थ तर कळतो. इंग्रजी मातृभाषा असलेले तरी एकमताने कुठे बोलतात? ‘ॲटिट्यूड’नंतर ब्रिटिश ‘टू’ सहज लिहितो, अमेरिकी ‘टोवर्ड’. या आक्षेपातला अर्धा भाग मान्य करायला हवा. ‘सोल्यूशन ऑन’मुळे कोणाचे नुकसान होत नाही, आणि परभणीच्या कार्यालयात ते लिहिणाऱ्याला हसणे हा निव्वळ शहरी माज आहे. पण ‘राइट ऑफ’ आणि ‘राइट टू’, ‘कॉज ऑफ’ आणि ‘कॉज फॉर’, ‘ॲप्लिकेशन ऑफ’ आणि ‘ॲप्लिकेशन फॉर’, ‘सब्स्टिट्यूशन’चे दोन हात, यांत सवलत देता येत नाही, कारण तिथे प्रीपोझिशन हाच अर्थ आहे. चूक आणि वळण यांच्यामधली रेघ इथे ओढावी: अर्थ बदलत नाही तिथे उदार, बदलतो तिथे कडक. स्पर्धा परीक्षांच्या गाळलेल्या जागा नेमके उलटे करतात. त्यांना निरुपद्रवी चुका पकडायला आवडते, कारण त्यांचे उत्तर यादीतून काढता येते.

यादीची परंपरा जुनी आहे. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात काम केलेले पी. सी. रेन आणि त्यांचे सहलेखक मार्टिन यांचे व्याकरण आजही शिकवणी वर्गांत मिळते. त्यात प्रीपोझिशन घेणाऱ्या शब्दांची यादी आहे, ‘फॉर’ घेणारी नामे एकीकडे, ‘इन’ घेणारी दुसरीकडे. माहिती बरोबर, मांडणी उफराटी. लिहिणाऱ्याला आधी ‘फॉर’ सुचत नाही, आधी नाम सुचते. कोश नामावरून उघडता आला पाहिजे. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये शिकवताना हे ओळखले. १९४२ मध्ये तिथे छापलेला आणि १९४८ पासून ऑक्सफर्डने काढलेला त्यांचा कोश शब्दाच्या अर्थाबरोबर तो वाक्यात कसा बसतो हेही सांगतो. १९८६ च्या ‘बीबीआय’ या इंग्रजी शब्दजोड्यांच्या कोशाने तर नामानामापाशी त्याची सोयरीक नोंदवली. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या हाती कोश देता येत नाही, पण फळ्यावर ‘डिमांड’ एकटे न लिहिता ‘डिमांड फॉर वॉटर’ असे लिहिता येते. शब्द भेटतो त्या क्षणीच त्याची जोडी दिसली की सारणीची गरजच पडत नाही.

शेवटचा गुंता नामापुढे क्रिया येते तेव्हाचा. मराठीत ‘-ण्याची’ या एकाच साच्यात सगळे बसते: शिकण्याची सवय, शिकण्याची संधी, शिकण्याची इच्छा, शिकण्याची कल्पना. इंग्रजीत पहिलीला ‘ऑफ’ आणि ‘-इंग’, दुसरीला ‘टू’ आणि मूळ क्रियापद, तिसरीलाही तेच, चौथीला पुन्हा ‘ऑफ’. ‘शिकण्यात अडचण’ मात्र ‘डिफिकल्टी इन लर्निंग’ होऊन मराठीच्या ‘त’ला जागते, आणि ‘शिकण्यात रस’ही. पण ‘टू’ इथे दोन आहेत. ‘राइट टू इन्फर्मेशन’मधला ‘टू’ प्रीपोझिशन आहे, त्यानंतर नाम येते. ‘राइट टू व्होट’मधला ‘टू’ क्रियापदाची खूण आहे. म्हणून ‘राइट टू व्होटिंग’ चूक; आणि उलट, विरोध म्हणजे ‘ऑपोझिशन टू’, त्यातला ‘टू’ प्रीपोझिशनच असल्याने धरण बांधण्याला असलेला विरोध ‘ऑपोझिशन टू बिल्डिंग’ असाच लिहावा लागतो, ‘टू बिल्ड’ असा नाही. ‘राइट’सारखी दोन्ही ‘टू’ घेणारी नामे सोडली तर ओळखण्याची सोपी रीत म्हणजे क्रियेच्या जागी एखादे साधे नाम ठेवून पाहणे. ‘ऑपोझिशन टू द डॅम’ बसते, म्हणून तिथे ‘-इंग’. ‘चान्स टू द डॅम’ बसत नाही, म्हणून तिथे ‘चान्स टू बिल्ड’.